बिग स्टार: सुरुवात मधल्या अल्बमपासून

उमेदीच्या काळात ज्या बँडने तीनच अल्बम केले, त्याच्या बाबतीत 'आधी काय ऐकू?' हा प्रश्न खरं तर पडायला नको. पहिला लावावा, मग दुसरा, मग तिसरा. दोन तासांत विषय संपतो. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या 'बिग स्टार'ला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. १९७२ चा 'नंबर वन रेकॉर्ड' आधी ऐकणारे पुष्कळदा 'गोड आहे, बीटल्सच्या वळणाचं आहे' एवढं म्हणून तिथेच थांबतात. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला तिसरा अल्बम आधी लावणारे तर चार-पाच गाण्यांच्या पुढे टिकत नाहीत, आणि त्यात त्यांची चूकही नाही. माझा सल्ला असा, की १९७४ च्या 'रेडिओ सिटी'पासून सुरुवात करावी, तिथून एक पाऊल मागे यावं आणि तिसऱ्याची अजिबात घाई करू नये.

याचं कारण कळायला आधी पॉवर पॉप म्हणजे काय ते थोडं पाहावं लागेल. 'द हू' या इंग्रज बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली स्वतःच्या संगीताबद्दल बोलताना हे नाव वापरलं. पुढे ते एका विशिष्ट जातीच्या गाण्यांना चिकटलं. चाल बीटल्ससारखी, एकदा ऐकली की तोंडात बसणारी. वरच्या पट्टीत दोन-तीन आवाजांचा स्वरमेळ. 'द बर्ड्‌स'सारखी किणकिणती गिटार, आणि या सगळ्याच्या खाली 'हू'च्या थाटाचे दणदणीत ड्रम. मिठास आणि दांडगाई एकाच वेळी, एकाच गाण्यात, आणि तेही तीन मिनिटांत. ऐकायला सोपं वाटतं, करायला महाकठीण. मिठास वाढली की गाणं गुळचट होतं, दांडगाई वाढली की चाल बुडते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रॉकचा ओढा नेमका उलट दिशेला होता. गाणी लांबत चालली होती, गिटारवादकांच्या एकल वादनाला अंत नव्हता, आणि तीन मिनिटांची आटोपशीर गाणी म्हणजे मागच्या दशकाचा उरलेला माल, असा समज होता. तरीही ब्रिटनमधला 'बॅडफिंगर' आणि क्लीव्हलंडचा 'रास्पबेरीज' हे बँड त्याच काळात तेच करत होते, आणि त्यांची काही गाणी चांगली चाललीही. त्यामुळे बिग स्टारचं अपयश काळाच्या माथी मारता येत नाही. त्याची कारणं जास्त गद्य आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

मेम्फिस हे एल्व्हिसचं गाव, आणि त्या वर्षांत त्याहून जास्त 'स्टॅक्स रेकॉर्ड्‌स'चं गाव. ओटिस रेडिंग, आयझॅक हेज यांच्या सोल संगीताची ही पेढी एका जुन्या सिनेमागृहात थाटलेली होती. काम वाढलं की स्टॅक्सचं जादा ध्वनिमुद्रण 'आर्डेंट' नावाच्या दुसऱ्या स्टुडिओत होत असे. आर्डेंटचा मालक जॉन फ्राय हा या कथेतला सर्वांत कमी गाजलेला आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस. इंग्रजी बँडांच्या नादाने वेडावलेल्या गावातल्या काही पोरांना त्याने ध्वनिमुद्रणाचं रीतसर शिक्षण दिलं आणि पैसे देणारी गिऱ्हाइकं घरी गेली की रात्रीचा स्टुडिओ त्यांच्या हवाली केला. त्यातूनच क्रिस बेल (गिटार आणि गायन), अँडी हमेल (बेस) आणि जोडी स्टीफन्स (ड्रम) हे तिघं पुढे आले. हातात वेळ अमाप, यंत्रं उत्तम, आणि 'लवकर आटपा' म्हणणारं कोणी नाही. वीस-एकवीस वर्षांच्या नवख्या मुलांची पहिलीच तबकडी इतकी घोटीव कशी, याचं उत्तर इथे आहे.

चौथा आला अलेक्स चिल्टन, आणि तो नवखा नव्हता. 'बॉक्स टॉप्स' या बँडचा गायक म्हणून १९६७ साली 'द लेटर' हे गाणं त्याने गायलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. दोन मिनिटांहून छोटं हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात त्याचा आवाज भरदार, खरखरीत, चाळिशीतल्या सोल गायकाचा वाटावा असा. बिग स्टारमध्ये आला तेव्हा तो विशीत पोचला होता आणि आवाज मात्र पातळ, उंच, पोरसवदा लावू लागला. पोरवयात प्रौढासारखा आणि प्रौढ झाल्यावर पोरासारखा गाणारा दुसरा गायक मला माहीत नाही. बॉक्स टॉप्समध्ये काय गायचं आणि कसं गायचं हे निर्माते ठरवत. इथे तो स्वतःचं गाऊ लागला, हे त्या बदलामागचं कारण असावं.

बँडचं नाव घेतलं ते स्टुडिओजवळच्या किराणा दुकानांच्या साखळीवरून.

आता 'रेडिओ सिटी'. हा अल्बम तयार होईपर्यंत बेल बँड सोडून गेला होता. राहिले तिघं, म्हणजे गिटारवादक एकटा चिल्टन. पहिल्या अल्बममध्ये बेलने गिटारींवर गिटारी आणि आवाजांवर आवाज चढवून घट्ट विणलेलं कापड तयार केलं होतं. इथे ती वीण उसवलेली आहे. एकाच गिटारला ताल धरायचा आहे आणि सूरही खेळवायचे आहेत, म्हणून ती हिसक्यांनी वाजते. मध्येच गप्प बसते, मध्येच धावत येते. त्या रिकाम्या जागा स्टीफन्सचे ड्रम भरतात. हमेलचा बेस नुसता पायाला बसून राहत नाही, आपली वेगळी चाल धरून फिरतो. प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं आणि गाणं कोणत्याही क्षणी घसरेल असं वाटत राहतं, पण घसरत नाही. पॉवर पॉप म्हणजे नेमकं काय, ते कुठे जोडलेलं असतं आणि कुठे ताणलेलं, हे कळायला असा सांधे दिसणारा अल्बम सर्वांत उपयोगी. म्हणून सुरुवात इथून.

फक्त अल्बमचं पहिलं गाणं पहिलं ऐकू नका. 'ओ माय सोल' हे साडेपाच मिनिटांचं, वेडंवाकडं, थांबत-पळत जाणारं प्रकरण आहे. ओळख नसताना दारातच अंगावर येतं. आधी 'बॅक ऑफ अ कार' लावा. ड्रमचे उखाळे आणि गिटारीची किणकिण एकमेकांच्या अंगावर कशी येतात ते पाहा. मग 'सप्टेंबर गर्ल्स'.

या एका गाण्यावर बँडची निम्मी कीर्ती उभी आहे आणि ती रास्त आहे. गाणं तीन मिनिटांच्याही आत संपतं. गिटारीचा पहिलाच आघात काचेवर ऊन पडावं तसा लखलखतो. हे श्रेय फ्रायचं, कारण वरच्या सुरांना असा उजाळा देणं ही त्याची खासियत होती. चाल उत्साही, ठेका चालता, आणि गाणारा मात्र खंगलेला. प्रेमाबद्दलच्या तक्रारीला इतकी आनंदी चाल लावली आहे की तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना दुःख लक्षात येतं. बाकीच्या पॉवर पॉप बँडांना ही चाल साधते; पण खालचा हा काळोख क्वचितच कुणाला साधला.

तिसरं 'डेझी ग्लेझ' ऐका. सुरुवातीला ते इतकं मंद आहे की आपण चुकीच्या अल्बमवर आलो की काय असं वाटतं. मग ते थांबतं, ड्रम वाजतो आणि गाणं उधळतं. या तीन गाण्यांनंतर अल्बम पहिल्यापासून ऐकायला हरकत नाही. 'ओ माय सोल' आता परकं वाटणार नाही. हमेलने लिहिलेलं आणि स्टीफन्सने गायलेलं 'वे आउट वेस्ट' चुकवू नका. आणि शेवटी, दोन मिनिटांच्या आतली दोन चिमुकली गाणी येतात, ज्यांत चिल्टन जवळजवळ एकटाच आहे. इतक्या गोंगाटानंतर अल्बम असा संपवायला धारिष्ट लागतं.

मुखपृष्ठाबद्दल एक आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही. लाल भडक छत, मधोमध उघडा बल्ब आणि त्याच्याकडे येणाऱ्या पांढऱ्या वायरी, असं ते छायाचित्र आहे. ते काढणारा विल्यम एगलस्टन हा चिल्टन कुटुंबाच्या परिचयातला मेम्फिसचा छायाचित्रकार. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या रंगीत छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि रंगीत छायाचित्रणाला कलेच्या दिवाणखान्यात जागा मिळाली. म्हणजे विसाव्या शतकातल्या एका महत्त्वाच्या छायाचित्राचं हे आवरण, संग्रहालयांना त्याची महती कळण्याच्या दोन वर्षं आधीच दुकानांत आलं होतं. अर्थात, ज्या थोड्या दुकानांत ते पोचलं त्यांत.

आता मागे, 'नंबर वन रेकॉर्ड'कडे. आधी 'रेडिओ सिटी' ऐकलेलं असल्याने इथली सफाई आता वेगळी भासते. आधीच ऐकली असती तर ती नुसती नीटनेटकेपणा वाटली असती. आता ती बेलची जिद्द वाटते. गाण्यांखाली लेनन आणि मॅकार्टनीच्या धर्तीवर बेल आणि चिल्टन अशी जोडनावं आहेत, पण कुठे कोण आहे हे कानाला कळतं. 'फील'मध्ये किंचाळण्याच्या काठावर जाऊन आलेला आवाज बेलचा. 'द बॅलड ऑफ एल गुडो'मध्ये चिल्टन आहे. व्हिएतनाम युद्धासाठी चाललेल्या सक्तीच्या भरतीची सावली त्या गाण्यावर आहे, आणि त्यातला स्वरमेळ हा या अल्बमचा कळस. 'थर्टीन' हे शाळकरी प्रेमावरचं गाणं ध्वनिक गिटारींवर तोललेलं आहे, ड्रम नाहीत. पॉवर पॉपमधली 'पॉवर' काढून टाकल्यावर काय उरतं ते इथे दिसतं, आणि ते पुष्कळ आहे.

आपल्याकडच्या वाचकाला अँडी हमेलचं 'द इंडिया साँग' मजेदार वाटेल. सव्वादोन मिनिटांच्या या गाण्यात एक मेम्फिसवासी तरुण हिंदुस्थानातल्या जंगलात मोठ्या बंगल्यात राहण्याचं, पेय घेत पियानो वाजवण्याचं स्वप्न पाहतो. त्यातला भारत म्हणजे साहेबांच्या कादंबऱ्यांतला भारत, त्यात आपल्यापैकी कोणी नाही. तरी रागवावं असं त्यात काही नाही. बासरीच्या सुरावर तरंगणारं ते दिवास्वप्न आहे, आणि गाणाऱ्यालाही ते ठाऊक असावं. अल्बमचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतका भक्कम नाही, हे मात्र मान्य करायला हवं. मंद गाणी एकापाठोपाठ एक येतात आणि मध्ये थोडी डुलकी लागते. सीडीच्या जमान्यात हे दोन्ही अल्बम एकाच तबकडीवर मिळू लागले, बारा अधिक बारा अशी चोवीस गाणी. पुष्कळांनी बिग स्टार तसाच ऐकला. स्वस्तात सौदा चांगला, पण त्यामुळे दोन वेगळ्या स्वभावांचे अल्बम एकच लांबलचक अल्बम वाटू लागले आणि मधली ती डुलकी 'रेडिओ सिटी'च्या दाराशीच लागू लागली.

मग हे सगळं खपलं का नाही? परीक्षणं उत्तम आली होती. आर्डेंटच्या तबकड्या बाजारात नेण्याचं काम स्टॅक्सकडे होतं, आणि सोल संगीताची ही पेढी आपला माल छोट्या स्वतंत्र वितरकांमार्फत विकत असे. १९७२ साली स्टॅक्सने कोलंबिया या बड्या कंपनीशी वितरणाचा करार केला. कोलंबियाला त्या छोट्या वितरकांशी काही देणंघेणं नव्हतं, आणि एका अनोळखी गोऱ्या बँडची तबकडी सोलच्या पेढीकडून आल्यावर तिचं काय करायचं तेही त्यांना उमगलं नाही. लोक दुकानात जाऊन अल्बम मागत आणि तो नसे. पहिल्या अल्बमच्या दहा हजारही प्रती तेव्हा गेल्या नाहीत. 'रेडिओ सिटी'च्या वेळी स्टॅक्स आणि कोलंबिया यांच्यातच बिनसलं आणि तो वीस हजारांच्या आसपास अडकला. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचं दिवाळं वाजलं. 'अन्याय', 'शापित प्रतिभा' असे मोठे शब्द या बँडच्या बाबतीत सर्रास वापरले जातात. मला त्यापेक्षा गोदामात पडून राहिलेल्या पेट्या डोळ्यांसमोर येतात.

दोन अल्बमांच्या मध्ये एक गमतीदार प्रसंग घडला. १९७३ च्या मे महिन्यात आर्डेंटच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्यांनी देशभरातल्या रॉक समीक्षकांचं संमेलन मेम्फिसमध्ये भरवलं. बेल गेल्यावर मोडकळीला आलेले तिघं त्यांच्यासमोर वाजले, आणि हाताची घडी घालून बसणारे समीक्षक चक्क नाचले. त्या उत्साहावर 'रेडिओ सिटी' उभा राहिला. श्रोत्यांआधी लेखकांनीच जपलेला बँड ही त्याची ओळख तेव्हापासूनची, आणि या लेखानेही तीच परंपरा चालवली आहे.

तिसऱ्या अल्बमला धड नावसुद्धा नाही. कुठे 'थर्ड', कुठे 'सिस्टर लव्हर्स'. चिल्टन आणि स्टीफन्स तेव्हा दोन सख्ख्या बहिणींच्या प्रेमात होते, त्यावरून हे दुसरं नाव. हमेल शिक्षण पुरं करायला निघून गेला होता, पुढे तो टेक्ससमध्ये अभियंता झाला. १९७४ च्या शरदात ध्वनिमुद्रण सुरू झालं, निर्माता जिम डिकिन्सन, ज्याने रोलिंग स्टोन्सच्या 'वाइल्ड हॉर्सेस'मध्ये पियानो वाजवला होता. अल्बम बाहेर पडला तो १९७८ साली, आणि गाण्यांचा क्रम बँडने कधी ठरवलेलाच नव्हता. त्यामुळे निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळा क्रम आहे. हे गैरसोयीचं वाटलं तरी ऐकणाऱ्याला त्यातून मोकळीक मिळते. आपला क्रम आपण लावावा.

हा पॉवर पॉप नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पॉवर पॉप मोडल्यावर जे तुकडे उरले त्यांचा हा अल्बम आहे. तारवाद्यं आली ती स्टीफन्समुळे. आपल्या 'फॉर यू' या गाण्याला ती हवीत असं त्याला वाटलं, कार्ल मार्शने त्यांची रचना केली, आणि ते ऐकून चिल्टनने ती आपल्याही गाण्यांत घेतली. 'डाउन्स'मध्ये ड्रमऐवजी बास्केटबॉल बडवला आहे. 'कँगरू'बद्दल डिकिन्सन सांगत असे, की चिल्टनने गिटार आणि आवाज मुद्दाम एकाच पट्ट्यावर मुद्रित केले, म्हणजे ते वेगळे करताच येऊ नयेत, आणि 'घे, कर आता याचं काहीतरी' अशा थाटात ते त्याच्यापुढे टाकले. पहिल्या ओळखीला ही दोन गाणी नकोत. 'ब्लू मून', 'नाइटटाइम' आणि 'थँक यू फ्रेंड्‌स' यांनी आत शिरावं. 'होलोकॉस्ट' सर्वांत शेवटी, आणि दिवसाउजेडी. काही समीक्षक याला बँडची सर्वश्रेष्ठ कृती मानतात. मी मानत नाही. यातली पाच-सहा गाणी विलक्षण आहेत, पण विस्कटलेपणालाच खोली समजण्याची आपल्या सगळ्यांना सवय असते, तिचा फायदा या अल्बमला मिळालेला आहे.

बिग स्टारचं ऋण पुढच्या पिढीने उघडपणे मान्य केलं. १९८६ साली 'बँगल्स'ने 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं. ज्या अल्बमवर 'मॅनिक मंडे' आणि 'वॉक लाइक अॅन इजिप्शियन' आहेत त्याच 'डिफरंट लाइट'वर ते आहे. म्हणजे त्या काळी आपल्याकडे ज्यांनी ही कॅसेट वाजवली, त्यांनी चिल्टनची चाल नकळत ऐकलेली आहे. पुढच्याच वर्षी 'रिप्लेसमेंट्‌स'ने थेट 'अलेक्स चिल्टन' याच नावाचं गाणं केलं, तेही आर्डेंटमध्ये आणि डिकिन्सनच्याच हाताखाली. स्कॉटलंडच्या 'टीनेज फॅनक्लब'चा १९९१ चा 'बँडवॅगनेस्क' ऐकताना तर वंशावळच ऐकू येते. 'इन द स्ट्रीट' हे पहिल्या अल्बममधलं गाणं १९९८ पासून 'दॅट सेव्हन्टीज शो' या दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकगीत झालं, मात्र दुसऱ्यांच्या आवाजात. चिल्टन स्वतः ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये भांडी घासण्याची आणि झाडं छाटण्याची कामं करत होता.

१९९३ च्या एप्रिलमध्ये मिसुरी विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी धाडस करून विचारलं आणि चिल्टन, स्टीफन्स हे 'पोझीज' या बँडमधल्या दोघांना घेऊन पुन्हा मंचावर आले. त्या मैफलीची तबकडी आनंदाची आहे, पण ओळख करून घेण्यासाठी नाही. त्याच चौघांचा २००५ चा 'इन स्पेस' नाही ऐकला तरी काही बिघडत नाही. मार्च २०१० मध्ये ऑस्टिनच्या महोत्सवातल्या कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना चिल्टन हृदयविकाराने गेला. त्याच जुलैत हमेलही गेला.

बेल त्याआधीच, २७ डिसेंबर १९७८ ला, मेम्फिसमध्ये मोटार खांबावर आदळून गेला होता. वय सत्तावीस. बँड सोडल्यावर त्याने फ्रान्समध्ये आणि मेम्फिसमध्ये गाणी मुद्रित केली, घरच्यांच्या हॉटेलात काम केलं, आणि जिवंतपणी एकच छोटी तबकडी बाहेर आलेली पाहिली: एका बाजूला 'आय अॅम द कॉसमॉस', दुसऱ्या बाजूला 'यू अँड युअर सिस्टर'. उरलेली गाणी घेऊन 'आय अॅम द कॉसमॉस' हा अल्बम निघाला १९९२ साली. 'यू अँड युअर सिस्टर'मध्ये मागून साथ देणारा आवाज चिल्टनचा आहे. 'थर्टीन' ऐकून झालं असेल तर नाव न वाचताही ओळखू येईल. आवरणावर बिग स्टारचं नाव नसलं तरी हा अल्बम मी या यादीत घेतो, आणि क्रम लावायचाच झाला तर 'थर्ड'च्या आधी.